पळस, सकाळी आठचा

तांडापेठेच्या गल्लीत, मागावरून उतरलेली साडी
उद्धवजी धकात्यांच्या सुनेनं धरली होती दोन्ही हात ताणून.
कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या काचेत
त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा वर केला, परत खाली.
"हाव. हाच. असाच पाहिजे."
मी मान हलवली, कॅमेरा बंद केला.
बंद करताना काहीच वाटलं नाही.

आता रात्रीचा दीड.
कूलरच्या वाळ्याला पाणी पुरत नाही,
पंप मधूनच कोरडा घरघरतो.
कच्ची फाइल उघडते, आणि पापणी लवायच्या आत
तो दिसतो,
पळसाचा रंग, काटोल रोडवर ऊन चढण्याआधीचा,
आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा जातो.
मागे राहतो विटकरी.
गल्लीतल्या कुठल्याही भिंतीचा असावा तसा, निरुपद्रवी.

ती झलक कॅमेऱ्यानंच ठेवलेली असते फाइलच्या पोटात,
गठ्ठ्याला टाचलेल्या नमुन्याच्या तुकड्यासारखी.
सॉफ्टवेअर तो तुकडा पाहतं आणि बाजूला सारतं.
त्याचं त्याचं गणित.

मी तुकडा वेगळा काढून डावीकडे ठेवते. उजवीकडे कच्चं.
प्रोफाइल बदलते. स्टँडर्ड. व्हिविड.
पोर्ट्रेट लावलं तर सुनेचे हात हळद लागल्यासारखे.
कर्व्हला खालून चिमटा, वरून ताण,
लाल सहा अंश नारिंगीकडे, मग चार, मग पाच.
साडी जुळली की मागची भिंत निळी पडते,
भिंत सावरली की काठ मरतो.

कुठल्या तरी कंपनीत, वातानुकूलित खोलीत
कुणीतरी ठरवलं असेल,
लाल कसा दिसला म्हणजे माणसं खूश होतात.
त्यानं पळस पाहिला नसेल.
मागाची खटखट तर नाहीच.
तरी नेमका लागला,
आणि मी, इथं जन्मलेली,
पहाटे तीनपर्यंत त्याच्या अंदाजाच्या मागे.

चारला जुळलं. जवळजवळ.
डोळ्यांवर पाणी मारून परत पाहिलं तर
दोन्हीही कुणा तिसऱ्याच साडीचे.

रविवारी उद्धवजी आले.
सदऱ्याच्या खिशातून कांडी काढली, त्याच ताण्याचं उरलेलं सूत,
आणि काही न बोलता
पडद्याला टेकवून धरली.
मी श्वास रोखला.
सूत डावीकडच्याशी जुळलं नाही.
माझ्या रात्रभराच्या मेहनतीशी नाही.
जुळलं ते त्या विटकरीशी, जी मी
पहिल्या मिनिटाला चूक म्हणून टाकली होती.

"ओला रंग खोटा बोलते जी," ते म्हणाले.
"कढईत पळस होता. सुकला तं हा निंगाला.
पुन्ना एक डोब द्याले पाहिजे होता, पन
लगनाची घाई, व्यापारी दारात."
मग डाव्या चित्रावर बोट, काचेला न लावता:
"हा मनातला होता.
तुमच्या मशिनीनं कुठून काढला?"

मला सांगता येण्यासारखं काही नव्हतं.
कूलरनं तेवढ्यात पाण्याचे चार थेंब उडवले
टेबलावर, कांडीवर.
त्यांनी आधी कांडी पुसली.

"दुकानाले खरा पाठवा. नाई तं साडी वापस येते.
अन् हा मले द्या. असाच. लहान असला तरी चालते."

लहानच आहे तो. पोटातून काढलेला तुकडा,
मोठा केला तर फाटतो.
पोस्टकार्डाच्या आकारात छापला, मॅट कागदावर.
प्रिंटरमधून आला तेव्हा ओला होता.
आम्ही दोघंही त्याला हात न लावता
उभे राहिलो,
सुकायची वाट पाहत.